वैद्यकीय इच्छापत्र केले, तरी ऐन वेळी ते मानले जाईल का?

कृष्णाकाठ, सांगली

माझी आई गेल्या श्रावणात गेली. ती ८४ वर्षांची होती. मेंदूत मोठा रक्तस्राव झाल्यामुळे तिला एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ठेवले होते आणि तिथे ती १९ दिवस व्हेंटिलेटरवर होती. पाचव्या दिवशीच मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी आम्हा भावंडांना बाजूला घेऊन ती शुद्धीवर येण्याची आशा उरलेली नाही असे सांगितले. तेव्हा मी धीर करून व्हेंटिलेटर काढता येईल का असे विचारले, तर ‘ते कायद्यात बसत नाही, तुम्हाला हवे असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर सही करून घरी घेऊन जा’ एवढेच उत्तर मिळाले. सायंकाळी पाच ते सव्वापाच ही भेटीची वेळ होती. तिचा डावा हात अधूनमधून आपोआप हलत असे आणि त्याने नळी ओढली जाऊ नये म्हणून तो गॉजच्या पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधलेला असे. तिच्या पाटल्या पहिल्याच दिवशी कागदात गुंडाळून माझ्याकडे दिल्या होत्या. मनगटावर जिथे साठ वर्षे त्या पाटल्या होत्या, नेमक्या तिथेच ती पट्टी होती.

गहू निवडत बसली की आई कितीदा म्हणायची, ‘मला नळ्या लावून ठेवू नका गं, माझ्या खाटेवरून जाऊ द्या.’ पण ते कुठे लिहिलेले नव्हते. धाकट्या भावाचे म्हणणे असे की आपण सही केली तर आपणच आईला मारले असे जन्मभर वाटत राहील. त्याचे चुकले असे मला आजही म्हणवत नाही.

आता मी ६२ वर्षांची आहे, यजमान ६८ वर्षांचे आहेत आणि एकुलता एक मुलगा न्यू जर्सीला असतो. आम्हा दोघांनाही आपली इच्छा लिहून ठेवायची आहे. रुग्णालयाने आम्हाला दिलेले उत्तर कायद्याला धरून होते का? असा कागद कसा करावा आणि कुणाकडे ठेवावा? मुलगा इथे पोहोचण्याआधीच वेळ आली, तर डॉक्टर तो मानतील का? आणखी एक. आमच्या नात्यातील एक वडीलधारे म्हणतात की इच्छामरण हा आत्महत्येचाच सभ्य प्रकार आहे. त्यांना काय सांगावे?

वकील, ठाणे

ताई, आपल्याला मिळालेले उत्तर कायद्याला धरून नव्हते, हे आधी स्पष्ट सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना सन्मानाने मरण येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम जीवनाधार न लावण्यास किंवा काढून घेण्यास परवानगी दिली. रुग्णाने आधी काही लिहून ठेवलेले नसले, तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने आणि वैद्यकीय मंडळांच्या निर्णयाने हे करता येते. म्हणजे आपल्या आईंच्या बाबतीतही रुग्णालयाला ही प्रक्रिया सुरू करता आली असती. मात्र संसदेने या विषयावर अजून स्वतंत्र कायदा केलेला नाही आणि न्यायालयाच्या मार्गदर्शक सूचनाच कायद्याच्या जागी आहेत. त्यामुळे लहान रुग्णालयांना त्यांची नीट माहिती नसते आणि माहिती नसली की ‘कायद्यात बसत नाही’ हे उत्तर सर्वांत सुरक्षित वाटते.

२०१८ ची पद्धत इतकी किचकट होती की ती कागदावरच राहिली, कारण वैद्यकीय इच्छापत्रावर, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदावर, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे आणि दुसरे वैद्यकीय मंडळ जिल्हाधिकाऱ्यांनी नेमायचे असे. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने ती सोपी केली. आता सज्ञान आणि सुबुद्ध व्यक्तीने स्वखुशीने लिहिलेल्या इच्छापत्रावर दोन साक्षीदारांसमोर सही करावी, साक्षीदार शक्यतो हितसंबंध नसलेले असावेत आणि ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करावे. आपल्याला स्वतः निर्णय घेता येणार नाही अशा वेळी आपल्या वतीने कोण बोलेल, त्यांची नावे त्यात घालावीत. एकापेक्षा अधिक नावे घालता येतात. एकेक प्रत त्यांना आणि आपल्या कुटुंबाच्या डॉक्टरांना द्यावी, तसेच एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यावी. त्या अधिकाऱ्याने अशा कागदांसाठी अभिरक्षक, म्हणजे ते सांभाळून ठेवणारा माणूस, नेमायचा असतो. महाराष्ट्रात हे अभिरक्षक बराच काळ नेमलेच गेले नव्हते आणि त्यासाठी मुंबईतील एका डॉक्टरांना उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली, त्यानंतर नेमणुका झाल्या. आपल्या महापालिकेच्या आरोग्य विभागात याची चौकशी करावी आणि प्रत दिल्याची पोच अवश्य घ्यावी.

दोन गैरसमज टाळावेत. हे इच्छापत्र मालमत्तेच्या मृत्युपत्रात घालू नये, कारण मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. तसेच २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही आगाऊ निर्देशाची तरतूद आहे, पण ती मानसिक आजाराच्या उपचारांपुरती आहे आणि तिचा नमुना इथे चालणार नाही.

वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाविषयी. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा असावी की नसावी हा वाद आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात मारुती दुबळ या पोलीस शिपायाच्या खटल्यात गाजला होता. पुढे १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही असा निर्णय दिला, पण त्याच निकालात, नैसर्गिक मृत्यूची प्रक्रिया सुरू झालेल्या माणसाने सन्मानाने मरणे ही वेगळी गोष्ट आहे, हेही नोंदवले. आजचा कायदा त्याच भेदावर उभा आहे. इंजेक्शन देऊन जीव घेणे आजही गुन्हाच आहे. आजार आपल्या मार्गाने जात असताना त्याच्या आड उभे केलेले यंत्र बाजूला घेणे, एवढ्यालाच परवानगी आहे. अशा चर्चेत विनोबांच्या १९८२ मधील पवनारच्या प्रायोपवेशनाचे उदाहरण हमखास निघते, पण ते इथे देऊ नये असे मला वाटते. तिथे एका साधकाने अन्न, पाणी आणि औषध समजून-उमजून सोडले होते, आणि इथे प्रश्न स्वतः बोलूही न शकणाऱ्या रुग्णाचा आहे. दोन्हींची सरमिसळ केली की वडीलधाऱ्यांच्या मनातली शंका आणखी पक्की होते.

अतिदक्षता, पुणे

मी अतिदक्षता विभागात वीस वर्षे काम करतो आहे. वकीलसाहेबांनी कायदा नेमका सांगितला आहे, पण तो पलंगापर्यंत पोहोचतो तेव्हा काय होते, ते सांगणे मला आवश्यक वाटते.

प्रक्रिया अशी आहे. उपचार करणारा डॉक्टर आणि त्या विषयाचे किमान दोन तज्ज्ञ, ज्यांना किमान पाच वर्षांचा अनुभव आहे, असे पहिले मंडळ रुग्णालय नेमते. त्यांनी निर्णय दिला की दुसरे मंडळ बसते, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ असतात. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्यांची संमती घ्यावी आणि प्रत्यक्ष कृतीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे. मंडळांनी नकार दिला, तर नातेवाइकांना उच्च न्यायालयात जाता येते. म्हणजे एका रुग्णासाठी सहा डॉक्टर लागतात. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात ते एका मजल्यावर सापडतील, पण तालुक्याच्या गावी वीस खाटांच्या रुग्णालयात, जिथे भूलतज्ज्ञही बोलावल्यावर येतो, तिथे ते आणायचे कुठून? केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये जीवनाधार काढण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा चर्चेसाठी प्रसिद्ध केला, तेव्हा अशा निर्णयांचा ताण डॉक्टरांवर येईल अशी हरकत डॉक्टरांच्याच संघटनेने घेतली होती. माझ्या मते ताण आधीपासूनच आहे, फक्त तो कुठे लिहिला जात नाही.

ताईंना सुचवलेला ‘सही करून घरी न्या’ हा मार्ग आमच्या भाषेत ‘डामा’ म्हणून ओळखला जातो, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घेतलेली सुट्टी. ती कशी दिसते हे मी अनेकदा पाहिले आहे. रुग्णवाहिकेत परिचारक हाताने फुगा दाबून श्वास देत असतो, घरी पोहोचल्यावर रुग्णाला खाटेवर ठेवतात, परिचारक विचारतो ‘काढू का?’ आणि घरातील कुणीतरी, बहुतेक वेळा थोरला मुलगा, मान हलवतो. तिथे धाप कमी करणारे औषध नसते, वेदनेवर लक्ष ठेवणारी परिचारिका नसते, आणि वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेल्याची सही असल्यामुळे मृत्यूचा दाखला द्यायला डॉक्टरही कचरतो. जे रुग्णालयात औषधांच्या आधाराने, कायद्याच्या संरक्षणात आणि नातेवाइकांना जवळ बसवून करता आले असते, ते आपण त्या मुलाच्या माथी मारतो. आपल्या भावाला जी भीती वाटली, ती आम्हा डॉक्टरांनीच त्यांच्यावर लादली होती असे मी प्रांजळपणे म्हणेन.

इच्छापत्रात काय लिहावे, याविषयी दोन शब्द. ‘मला यंत्रावर ठेवू नये’ एवढेच लिहिलेला कागद आमच्या हाती आला तर आम्ही अडचणीत येतो, कारण न्यूमोनिया झालेल्या धडधाकट माणसालाही चार दिवस व्हेंटिलेटर लागतो आणि तो चालत घरी जातो. म्हणून ‘आजार बरा होण्याजोगा नसेल आणि मी निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेन, तर’ अशी परिस्थिती आधी लिहावी, मग व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न आणि हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते सुरू करण्याचा प्रयत्न, यांपैकी काय नको ते एकेक करून लिहावे. शेवटच्या गोष्टीविषयी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये स्वतंत्र मार्गदर्शन केलेले आहे, त्यामुळे डॉक्टरांशी तो विषय काढताना संकोच बाळगू नये. वेदनाशमन आणि शुश्रूषा मात्र शेवटपर्यंत हवी, हे आवर्जून लिहावे. आपण शुद्धीवर असाल तोवर आपला शब्द चालतो, कागद चालत नाही, आणि तो कधीही लेखी रद्द करता येतो.

ज्येष्ठांसाठी, नागपूर

मी ज्येष्ठ नागरिकांच्या तक्रारींचे काम करते आणि वरील दोन्ही उत्तरांविषयी आदर बाळगून एक काळजी मांडते. आमच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कित्येकांनी घर मुलाच्या नावे करून दिलेले असते, आणि सही करताना आपण कशावर सही केली हे त्यांना पुढे सहा महिन्यांनी कळते. अशा घरात ‘बाबा, आता हाही कागद करून टाका’ असे म्हटले गेले, तर ती इच्छा कुणाची धरायची? आजीबाई ‘मला आता जाऊ द्या’ म्हणतात, त्यात कित्येकदा ‘माझ्यामुळे तुमचा खर्च होतो’ हे दडलेले असते. सरकारी योजनेची मर्यादा संपली आणि अतिदक्षता विभागाचे बिल रोज वाढू लागले, की नातेवाइकांची संमतीही खरोखर मोकळी राहत नाही. ज्याला उपचार चालू ठेवणे परवडते त्यानेच तो बंद करण्याचा निर्णय मोकळ्या मनाने घेतला, असे म्हणता येते.

म्हणून सहा डॉक्टर आणि दोन मंडळे ही अट डॉक्टरांना जाचक वाटली, तरी मला ती हवी आहे. ताईंच्या आईसारख्या प्रसंगी तिचा जाच होतो हे मान्य आहे. पण जिच्या बाजूने बोलणारे घरात कुणीच नाही, तिला तेवढाच एक आडोसा आहे.

रातपाळी, मुंबई

मी मुंबईतील एका महापालिका रुग्णालयात परिचारिका म्हणून ३४ वर्षे काम करून निवृत्त झाले. नागपूरच्या ताईंनी जे मांडले त्यावर मला अरुणा शानभाग यांची आठवण द्यावीशी वाटते, कारण या देशातील सारा कायदा एका परिचारिकेच्या पलंगापासून सुरू झाला, हे आम्ही परिचारिका विसरू शकत नाही.

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेला आणि मेंदूचा रक्तपुरवठा तुटून त्यांची शुद्ध कायमची हरपली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने जाईपर्यंत, साडेएकेचाळीस वर्षे, त्या तिथेच होत्या. त्यांच्या वतीने याचिका करणाऱ्या लेखिका पिंकी विराणी यांचे म्हणणे होते की त्यांना अन्न भरवणे थांबवून शांतपणे जाऊ द्यावे. केईएमच्या परिचारिकांचा याला विरोध होता. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, पण त्याच निकालात उच्च न्यायालयाच्या परवानगीने परोक्ष दयामरणाचा, म्हणजे केवळ जीवनाधार काढून घेण्याचा, मार्ग पहिल्यांदा खुला केला.

दोन्ही बाजूंमध्ये माणुसकी होती, त्यामुळे कोण बरोबर यात मी शिरत नाही. न्यायालयाने अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाला दिला, ते मात्र पाहण्यासारखे आहे. जवळचे नातेवाईक येत नव्हते, आणि ज्या रुग्णालयातील माणसांनी त्यांना वर्षानुवर्षे भरवले, पुसले आणि कुशीवर वळवले, त्यांनाच न्यायालयाने त्यांचे खरे सोबती मानले. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगाला पाठीचे व्रण झाले नव्हते. दर दोन तासांनी रुग्णाला वळवायचे, चादरीची सुरकुती काढायची, टाचांखाली कापड द्यायचे, हे एक रात्र चुकले तरी कातडी लाल होते, हे ज्यांनी केले आहे त्यांना त्या नोंदीचे मोल कळेल.

म्हणून सांगलीच्या ताईंना माझे सांगणे आहे की इच्छापत्रात केवळ मुलाचे नाव घालून थांबू नका. न्यू जर्सीहून विमान येईपर्यंत दोन दिवस जातात, आणि दूरच्या मुलाला अपराधी वाटत असते म्हणून तो येताच ‘सगळे करा’ म्हणतो, असे मी असंख्य वेळा पाहिले आहे. जी व्यक्ती आपल्याला रोज पाहते, जिच्याशी हे बोलणे झालेले आहे, तिचे नाव त्यात हवे. मग ती बहीण असो, शेजारीण असो की भाची असो.

मांडवी, फोंडा

गोव्यात २०२४ मध्ये या इच्छापत्रांची अंमलबजावणी सुरू झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती म. श. सोनक यांनी स्वतः पहिले इच्छापत्र केले. एका न्यायमूर्तींनी ते केल्यामुळे आमच्या घरीही हा विषय जेवणाच्या ताटावर काढता आला.

माझ्या वडिलांना तोंडाचा कर्करोग होता आणि ते घरी गेले. पुण्याच्या डॉक्टरांनी वेदनाशमनाचा उल्लेख केला आहे, पण कायदा त्यात किती खोलवर शिरतो हे लोकांना माहीत नसते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचा रोख चोरट्या व्यापारावर होता, पण कडक शिक्षा आणि परवान्यांच्या जंजाळामुळे अनेक रुग्णालयांनी आणि दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. ज्या देशात अफू पिकते त्या देशात कर्करोगाचे रुग्ण तळमळत राहिले. २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलून आवश्यक औषधांसाठी देशभर एकसारखे नियम आणण्याची वाट केली, तरी आम्हाला गोळ्यांसाठी दर आठवड्याला पन्नास किलोमीटर जावे लागत होते. दर चार तासांनी एक गोळी, झोपताना दोन, त्याबरोबर पोट साफ होण्याचे औषध, आणि रिकाम्या पट्ट्या पुढच्या खेपेला मोजून परत करायच्या. आई ते सारे शाळेच्या वहीत लिहीत असे. पहिली गोळी लागू पडली त्या रात्री बाबांनी किती महिन्यांनी उताणे झोपून पेज मागितली होती.

नागपूरच्या ताईंच्या काळजीला माझ्या अनुभवातून एवढेच जोडतो. वेदना थांबण्याआधी बाबा रोज ‘मला मारा’ म्हणत असत, नंतर ते म्हणणे थांबले. वेदना आटोक्यात नसताना घेतलेल्या कोणत्याही सहीवर मी विश्वास ठेवणार नाही.

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांची मनापासून आभारी आहे. उत्तरे छापून घेतली आणि रविवारी धाकट्या भावाला घरी बोलावून वाचायला दिली. ‘डामा’विषयीचा परिच्छेद त्याने दोनदा वाचला आणि मग बराच वेळ तो अंगणात जाऊन बसला. आईच्या वेळचे सारे निर्णय त्याच्या अंगावर आले होते, हे मला त्या दिवशी नीट कळले. माझ्या इच्छापत्रात मी मुलाबरोबर त्याचे नाव घालणार आहे आणि त्याने ते मान्य केले आहे. त्याची एकच अट आहे की कागद मराठीत असावा, म्हणजे ऐन वेळी त्याला तो कुणाकडून समजावून घ्यावा लागणार नाही. हे चालेल का?

वकील, ठाणे

चालेल. न्यायालयाने भाषेची अट घातलेली नाही, मजकूर स्पष्ट आणि निःसंदिग्ध असावा एवढीच अपेक्षा आहे. उपचारांची नावे मात्र डॉक्टर ज्या नावांनी ओळखतात तशीच, म्हणजे व्हेंटिलेटर, डायलिसिस अशी देवनागरीत लिहावीत, त्यांना मराठी पर्याय शोधू नयेत. साक्षीदार म्हणून भावाला घेऊ नका, कारण त्यांचे नाव आत येणार आहे. शेजारचे दोघे चालतील. यजमानांचा कागद स्वतंत्र करावा, दोघांचा मिळून एक करू नये.